फोटोतल्या बाईचं नाव आधी शोध

मॉन्ट्रियल

चि. सौ. मुग्धास,


सासूबाईंनी माळ्यावरची पेटी अखेर तुझ्या हवाली केली हे वाचून मला फार बरं वाटलं. डॅनियलच्या मोहॉक आजीच्या माहेरचे फोटो त्या घरात वर्षानुवर्षं बंद होते. तू फोनवर पाठवलेले सगळे मी मोठे करकरून पाहिले. शाल पांघरून बसलेली ती बाई, पिसांचा मुकुट घातलेला पुरुष, ब्रुकलिनच्या पायऱ्यांवरची मंडळी, शाळेतल्या मुलींची रांग. सुरुवात कुठून करू असं तू विचारलंस. मी जन्मभर जुन्या फोटोंच्याच विभागात काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निवांत वेळ काढून वाच.

फोटो बाहेर काढून माणसांप्रमाणे गठ्ठे लावण्याआधी, ते पेटीत ज्या क्रमाने आहेत तो क्रम लिहून घे. कोणता फोटो कशाच्या खाली होता, कोणते दोन एकाच पाकिटात होते, कशाला दोरा बांधला होता, सगळं. आजीने ते स्वतःच्या हाताने ठेवले असतील, तर तिच्या लेखी कोण कुणाजवळचं होतं ते या क्रमातच शिल्लक आहे. एकदा मोडला की तो परत मिळत नाही. हात धुऊन कोरडे कर आणि फोटो कडेला धर. मागे लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन अजिबात नको. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस, आधी पानासकट स्कॅन कर. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू 600 डीपीआयवर घे, कारण पाठीवरचा शिक्का नि अर्धवट पुसलेली अक्षरं कधी कधी चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतात. लॅमिनेशन करू नकोस. आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरणारं ते ॲप या पेटीपासून लांबच ठेव. ते रंग अंदाजाने भरतं, माणसाच्या वर्णाचासुद्धा. ज्या लोकांच्या वर्णावरून दोनशे वर्षं कायदे झाले, त्यांच्या चेहऱ्यावर यंत्राचा अंदाज चढवणं मला सहन होत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही एक धरून ठेवलीस, तर पुढची वाट तुझी तुला सापडेल.

मोहॉक लोक स्वतःला कान्येन्केहाका म्हणवतात. हौडेनोशोनी राष्ट्रसंघातलं हे सगळ्यांत पूर्वेकडचं राष्ट्र. संघाचं पूर्वेचं दार राखणं हे त्यांचं काम. त्यांची कुळं तीन: अस्वल, लांडगा आणि कासव. कूळ आईकडून येतं. लग्नानंतर बाईचं कूळ बदलत नाही, मुलं तिच्या कुळाची होतात, आणि प्रमुखपदावर कुणी बसावं हे कुळातल्या ज्येष्ठ स्त्रिया ठरवतात. तुझ्या आजोबांनी नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावं दाखवली होती, ती तुला आठवत असतील: बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, आणि बायकांचा मागमूस जवळजवळ नाही. तू वंशावळ म्हटलंस की तुझं मन त्याच वाटेने जाणार. इथे ती वाट सोड. डॅनियलचं घराणं शोधायचं तर त्याची आई, तिची आई, तिची आई अशी मागे जा.

यात अडचण एकच, पण मोठी. हे फोटो ज्यांनी काढले, ज्यांनी खाली नावं लिहिली, ते फोटोग्राफर, पाद्री, सरकारी एजंट बापाच्या नावाने ओळखणाऱ्या समाजातून आले होते. त्यामुळे पुरुषाचं पूर्ण नाव आणि शेजारी 'व पत्नी', किंवा पुरुषाचं नाव आणि बाईच्या जागी काहीच नाही, हे तुला सारखं दिसेल. ज्या व्यक्तीमुळे फोटोतल्या पोरांना कूळ मिळालं, नेमकी तीच बिननावाची. म्हणून प्रत्येक फोटोत मागे उभ्या असलेल्या, कडेला गेलेल्या, अर्ध्या कापल्या गेलेल्या बाईपासून सुरुवात कर. पुरुष आपोआप सापडतील. त्यांची नावं जपायला बरेच जण बसले होते.

शालवाली बाई पत्र्यावर आहे असं मला वाटतं. पाठीला हलकेच लोहचुंबक लावून बघ, ओढला गेला तर नक्की. लोखंडी पत्र्यावरचे असे फोटो 1856 पासून निघू लागले आणि स्वस्त असल्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जत्रांतून, रस्त्याकडेला निघत राहिले. त्यामुळे नुसत्या पत्र्यावरून साल ठरत नाही. कपडे आणि केसांची ठेवण पाहावी लागेल. एक लक्षात ठेव: पत्र्यावरचं चित्र बहुधा आरशासारखं उलटं असतं. उजव्या हातातली वाटणारी अंगठी डाव्या हातातली असू शकते. डोक्यावरून घेतलेली गडद शाल एकोणिसाव्या शतकातल्या कानावाके या मोहॉक गावच्या बायकांच्या फोटोंत पुष्कळदा दिसते. पण तेवढ्यावरून कानावाके लिहून टाकू नकोस. 'शक्यता' असं लिही.

जाड पुठ्ठ्यावरचा, साधारण सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच फोटो आहे त्याला कॅबिनेट कार्ड म्हणत. त्यांची चलती 1866 नंतरची. पुठ्ठ्याखाली स्टुडिओचं नाव छापलेलं असतं. ते 'नॉटमन, मॉन्ट्रियल' निघालं तर तुझं नशीब जोरावर आहे. विल्यम नॉटमनने 1856 मध्ये इथे स्टुडिओ काढला, आणि हा माणूस हिशेबाचा पक्का होता. प्रत्येक फोटोला क्रमांक, आणि क्रमांकाप्रमाणे फोटो चिकटवून नाव लिहिलेल्या वह्या. तो सगळा संग्रह आज मॉन्ट्रियलच्या मॅककॉर्ड स्ट्युअर्ट संग्रहालयात आहे. फोटोच्या कोपऱ्यात बारीक आकडा असेल तर मला कळव, मी जाऊन विचारते. पण तिथेही बहुतेकदा ज्याच्या नावावर बिल त्याचंच नाव वहीत गेलेलं असतं, हे धरून चाल.

पोस्टकार्डावर छापलेले फोटो असतील तर पाठ बघ. अमेरिकेत मजकूर आणि पत्ता यांच्यासाठी पाठीचे दोन भाग करायला 1 मार्च 1907 पासून परवानगी मिळाली. कॅनडात थोडी आधीच मिळाली होती. तिकिटाच्या चौकटीत 'एझो' अक्षरं आणि चार कोपऱ्यांत वर टोक केलेले चार त्रिकोण असतील, तर कागद साधारण 1904 ते 1918 मधला. कागद कधीचा एवढंच यावरून कळतं, फोटो कधी काढला ते नाही. जुना कागद लोक पुढेही वापरत.

आता पिसांच्या मुकुटाबद्दल. तो पाहून डॅनियल हरखून गेला असं तू लिहिलंस, म्हणून जपून सांगते. पाठीवर रुळणारा तो भला मोठा मुकुट पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतल्या राष्ट्रांचा. मोहॉक पुरुषाच्या पारंपरिक टोपीवर गरुडाची तीन उभी पिसं असतात. मग हा मुकुट त्याच्या डोक्यावर कसा? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कानावाकेची कितीतरी कुटुंबं जत्रा, सर्कशी आणि 'वाइल्ड वेस्ट' खेळांतून पोट भरत होती. तिकीट काढून आलेल्या माणसाला त्याच्या मनातला 'इंडियन' हवा असे, आणि ती मागणी या मंडळींनी कामाचा भाग म्हणून पुरवली. 'प्रिन्सेस व्हाइट डियर' या नावाने गाजलेली एस्थर डियर अशाच एका घरातली. ती युरोप-रशियापर्यंत जाऊन न्यूयॉर्कच्या झिगफेल्ड फॉलीजमध्ये नाचली. तेव्हा तो फोटो खोटा आहे असं डॅनियलला वाटू देऊ नकोस. तो एका कष्टकरी माणसाचा त्याच्या कामाच्या पोशाखातला फोटो आहे. शेजारच्या बाईकडे मात्र नीट बघ. तिच्या कपड्यावर उठावाचं मणीकाम दिसतंय, आणि ते अस्सल तिकडचं वाटतं. अशा टाचण्यांच्या उशा, पिशव्या, चौकटी करून मोहॉक बायका जत्रांत, नायगाऱ्याला आणि शहरांत विकत. कित्येक घरं त्यावर चालली. खेळवाल्यांच्या जाहिरातीत तिचं नाव नसेल, पण ते मणीकाम ओळखणाऱ्या बायका आजही आहेत.

एक घराणं तुला नीट सांगते, कारण तुझ्या लेकीचा, सईचा, प्रश्न त्यातच आहे.

ग्रँड रिव्हरच्या काठी, ब्रँटफर्डजवळ, सिक्स नेशन्सची, म्हणजे हौडेनोशोनी राष्ट्रसंघातल्या लोकांची, वस्ती आहे. 1871 च्या सप्टेंबरात तिथल्या सहा प्रमुख पुरुषांचा एक फोटो निघाला. होरेशियो हेल हा अभ्यासक तेव्हा तिथे होता. ते सहा जण त्याला वॅम्पम पट्ट्यांचा, म्हणजे शिंपल्याच्या मण्यांत विणलेल्या करारांचा, अर्थ समजावून सांगत आहेत. सहाही जणांची नावं नोंदलेली आहेत. त्यांत जॉन स्मोक जॉन्सन हा म्हातारा आहे आणि त्याचा मुलगा जॉर्ज हेन्री मार्टिन जॉन्सनही. म्हातारा 1882 च्या आणखी एका प्रसिद्ध फोटोत भेटतो. 1812 च्या युद्धात लढलेले सिक्स नेशन्सचे तीन वृद्ध त्यात बसलेले आहेत. पुढे 1892 नंतर जॉर्जची मुलगी पोलिन जॉन्सन, कवयित्री, कॅनडाभर कविता सादर करत हिंडली, आणि तिचे हरणाच्या कातड्याच्या पोशाखातले फोटो घरोघर पोचले. बाप-आजोबांच्या ओळीने पाहिलं तर तीन पिढ्या फोटोंत अशा सलग मिळतात आणि शोध संपल्यासारखा वाटतो.

पण जॉर्जला लांडगा कूळ आणि प्रमुखपद मिळालं ते बापाकडून नव्हे. ते मिळालं त्याच्या आईकडून, हेलन मार्टिनकडून. मुलगा सरकारी दुभाष्या आहे म्हणून परिषदेत हरकत निघाली, तेव्हा त्याच्यासाठी ठाम उभी राहिली तीही हीच. आणि हेलनची आई कोण? कॅथरीन रोल्स्टन. गोऱ्या वसाहतवाल्यांची मुलगी, लहानपणी पकडून आणलेली, मोहॉक घराने दत्तक घेतलेली. दत्तक गेल्यावर ती लांडगा कुळाची झाली, तिच्या मुली झाल्या, नातू प्रमुख झाला. उलट जॉर्जने 1853 मध्ये एमिली हॉवेल्स या इंग्रज बाईशी लग्न केलं. त्यामुळे पोलिनला आईकडून कूळ मिळालं नाही. कॅनडाच्या कायद्याने मात्र ती बापामुळे 'इंडियन' होती. रूढीचं उत्तर एक आणि सरकारचं अगदी उलट. पोलिनचा तो पोशाखसुद्धा घराण्यातून आलेला नव्हता; रंगमंचासाठी तिने तो जुळवला, काही भाग विकत घेतला, आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ती इंग्रजी पद्धतीचा झगा घालत असे. चेहऱ्यावरून आणि कपड्यांवरून मोहॉकपण ठरवू नये ते यासाठीच. 1704 मध्ये डियरफिल्डहून पकडून आणलेली सात वर्षांची युनिस विल्यम्स कानावाकेतच वाढली, तिथेच लग्न केलं, आप्तांनी बोलावूनही परत गेली नाही. फोटोत फिकट डोळे दिसले म्हणून कुणाला वगळू नकोस, आणि गालाची हाडं उंच दिसली म्हणून कुणाला घेऊ नकोस.

आता सईचं. डॅनियलची आजी ही त्याच्या आईची आई, म्हणजे कूळ आजीकडून सासूबाईंकडे आणि त्यांच्याकडून डॅनियलपर्यंत आलं. पण सईची आई तू. तू एमिलीच्या जागी आहेस, मुग्धा. रूढीप्रमाणे डॅनियलचं कूळ सईला जात नाही. हे तुला टोचेल, तरी ते मी तुला आत्ताच सांगितलेलं बरं. शाळेच्या प्रकल्पात तिच्या नावापुढे लांडगा किंवा कासव काढून देऊ नकोस. तिची पणजी मोहॉक होती हे खरं आहे आणि ते तिने अभिमानाने सांगावं. ती त्या माणसांची नात आहे, हे कुणी नाकारू शकत नाही. थुंकी पाठवून करायच्या वंशचाचण्यांच्या नादी मात्र लागू नकोस. त्यांतून कूळ कळत नाही.

आजीच्या फोटोंत एका ठरावीक वर्षानंतर एकदम कानावाके दिसेनासं होतं, हे तुझं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटलं. तिने मॉन्ट्रियलच्या आयरिश माणसाशी लग्न केलं होतं ना? 1876 च्या इंडियन ॲक्टप्रमाणे बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या बाईचा कायदेशीर दर्जा जायचा. मोहॉक पुरुषाने गोरी बायको केली तर तिला उलट तो दर्जा मिळायचा. आजीने गावाशी संबंध तोडला असं घरात म्हणत असतील, तर आधी कायदा बघ. कानावाकेच्याच मेरी टू-ॲक्स अर्ली ब्रुकलिनला राहिल्या, आयरिश-अमेरिकन माणसाशी लग्न केलं आणि दर्जा गमावला. त्या जवळजवळ वीस वर्षं लढल्या, आणि 1985 मध्ये कायदा बदलला तेव्हा दर्जा परत मिळवणाऱ्या पहिल्या बाई त्याच ठरल्या. पुढे 2011 आणि 2019 मध्ये कायदा आणखी रुंदावला, त्यामुळे सासूबाई आणि डॅनियल सरकारी नोंदीला पात्र असू शकतील. तो अर्ज करायचा की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू दे. गावाचं सदस्यत्व ही आणखी निराळी गोष्ट. गावाचे स्वतःचे नियम आहेत आणि त्यांवर गावातही वाद झालेले आहेत. त्या वादात सुनेने पडू नये.

नावं शोधायला कानावाकेच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चच्या नोंदवह्या आहेत, 1735 पासूनच्या. तुझ्या कामाला त्यांच्याइतकं दुसरं काही येणार नाही, कारण क्वेबेकच्या फ्रेंच पाद्र्यांची रीत बाईला तिच्या माहेरच्या नावाने नोंदायची, आणि कानावाकेच्या नोंदींत मोहॉक नावंही सापडतात. वाचताना एक सवय लागेल. मोहॉक बोलीत म, प, ब हे ओठांचे उच्चार नाहीत. म्हणून मारीची वारी होते, पिएरचा तिएर, झाँ-बाप्तिस्तचा सावातिस, जोसेफचा सोसे. फोटोमागे पेन्सिलीने 'वारी' असेल तर वहीत मारी शोध. मोहॉक नाव मिळालं तर ते नीट उतरवून घे. ती नावं कुळाच्या मालकीची असतात. एक माणूस गेला की तेच नाव पुढे कुणाला तरी दिलं जातं. त्यामुळे शंभर वर्षं आधी तेच नाव दिसलं तर ती व्यक्ती निराळी, पण कूळ बहुधा तेच. आणि गावांची जुनी नावं घेऊनही शोध: कानावाकेचं कॉनवागा, अक्वेसास्नेचं सेंट रेजिस, कानेसाताकेचं ओका.

ब्रुकलिनच्या पायऱ्यांवर बसलेले पुरुष लोखंडकामाचे कामगार असणार. 1886 मध्ये कानावाकेच्या हद्दीतून सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेचा पूल बांधला गेला, तेव्हापासून गावचे पुरुष त्या कामात शिरले. 29 ऑगस्ट 1907 ला क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला. 75 माणसं गेली, त्यांतली 33 एकट्या कानावाकेची. त्यानंतर बायकांनी हट्ट धरला की सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जायचं नाही, विखरून जायचं, असं गावात सांगतात. घोळक्याने काढलेला एखादा फोटो त्या सालाच्या आधीचा निघाला, तर त्यातली प्रत्येक व्यक्ती पुढे कुठे गेली हे विचारायची तयारी ठेव. पुढे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींच्या कामासाठी ही मंडळी ब्रुकलिनच्या गोवानस भागात राहू लागली आणि तिथे एक छोटं कानावाकेच उभं राहिलं. तिथलं घर बायकांनी चालवलं: खानावळी, भाड्याच्या खोल्या, मक्याची उकडलेली भाकरी. कानावाकेच्याच रेगन टारबेल यांनी या बायकांवर 2008 मध्ये 'लिटल कॉनवागा' हा माहितीपट केला आहे; डॅनियलबरोबर बसून बघ. आणि नदीकाठची घरं, होड्या, वाळत घातलेले कपडे असा फोटो सापडला तर तो बाजूला काढ. 1954 ते 1959 मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्गासाठी गावाची काठालगतची जमीन घेतली आणि मध्ये कालवा आला, गाव मूळ नदीपासून तुटलं. म्हणजे तो फोटो बहुधा त्याच्या आधीचा. आणि ज्यांनी तो काठ पाहिलाय अशा म्हाताऱ्यांना तो दाखवलास की ते बोलू लागतील.

शाळेतल्या मुलींच्या रांगेबद्दल मी सगळ्यांत शेवटी लिहिणार होते, पण आत्ताच लिहिते. तो फोटो कुणालाही पाठवू नकोस. एकसारखे झगे, एकसारखे कापलेले केस आणि दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या शिक्षिका पाहून मला निवासी शाळेची, म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळेची, शंका येते. ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट 1970 पर्यंत चालू होती आणि तिथे बऱ्याच मोहॉक वस्त्यांतली मुलं होती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली कार्लाइलची शाळा 1879 ते 1918 चालली. तिथे जॉन चोट नावाचा फोटोग्राफर मुलांचे आल्या दिवशीचे आणि नंतरचे असे फोटो काढायचा, आणि ते शाळेची जाहिरात म्हणून वापरले जात. कार्लाइलच्या विद्यार्थ्यांच्या फायली डिकिन्सन कॉलेजने सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. आधी सासूबाईंना एकांतात विचार, तेही त्यांची इच्छा असेल तर. त्या गप्प राहिल्या तर तो विषय त्या दिवशी तिथेच सोड. अशा फोटोंत मुलांची नावं फार क्वचित लिहिलेली असतात. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 2002 मध्ये 'प्रोजेक्ट नेमिंग' सुरू केलं ते याचसाठी: फोटो समाजात न्यायचे आणि वृद्धांकडून नावं मिळवायची. सुरुवात इन्युइट लोकांपासून झाली, मग इतर राष्ट्रंही आली. तुमच्या फोटोतल्या एका जरी मुलीला नाव मिळालं, तरी तुझ्या सगळ्या खटपटीचं सार्थक झालं असं मी समजेन.

छापील ओळींवर विश्वास ठेवू नकोस. 1932 मध्ये रॉकफेलर सेंटरच्या तुळईवर बसून जेवणाऱ्या अकरा कामगारांच्या फोटोत आपला माणूस आहे असं कितीतरी घरं सांगतात, आणि बहुतेकांची ओळख आजही पक्की नाही. 1990 मध्ये ओकाच्या संघर्षात सैनिकासमोर नाकाला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुखवटाधारी 'मोहॉक योद्ध्या'चा फोटो जगभर छापून आला. त्याचं नाव आधी चुकीचंच लागलं. तो ब्रॅड लारोक, सस्कॅचेवानहून आलेला ओजिब्वे विद्यार्थी निघाला. म्हणून तुझ्या वहीत प्रत्येक नावापुढे लिही: हे कुणी सांगितलं, कधी, आणि त्याने स्वतः त्या माणसाला पाहिलं होतं का.

मग कानावाकेला जायचं. मर्सिए पूल ओलांडला की गाव आहे. तिथे कान्येन्केहाका ओन्क्वावेन्ना राओतितिओह्क्वा हे भाषा आणि संस्कृतीचं केंद्र 1978 पासून आहे. आधी पत्र लिहून वेळ माग. फोटोंच्या चांगल्या प्रती त्यांना ठेवून घ्यायला ने; हे फोटो फक्त डॅनियलच्या घरचे नाहीत, त्यांतल्या माणसांची दुसरी नातवंडंही तिथे राहतात. पेटीत एखाद्या विधीचा किंवा औषधी मुखवट्यांचा फोटो निघाला तर त्याची प्रत काढू नकोस, कुठे टाकू नकोस. अशी चित्रं दाखवली जाऊ नयेत असं हौडेनोशोनींच्या महापरिषदेने स्पष्ट म्हटलं आहे. पुढे काय करायचं ते केंद्रातल्या लोकांनाच विचार. आणि तिथे पोचल्यावर बोलणं डॅनियलला करू दे. तू फोटो एकेक पुढे सरकव. सदस्यत्वाचा विषय काढायचा नाही, आम्हाला काय मिळेल हे विचारायचं नाही. 'ही कोण, आणि हिची आई कोण?' एवढंच विचारा. कुणी ओळखलं तर त्यांच्या परवानगीने आवाज रेकॉर्ड करा, नावाचा उच्चार त्यांच्या तोंडून घ्या.

पण त्याही आधी सासूबाई. त्यांचं वय पाहता हे काम हिवाळ्याच्या पुढे ढकलू नकोस. एका बैठकीत तीन-चार फोटोंपेक्षा जास्त दाखवू नकोस, थकतील. त्यांची आई कुणाला काय हाक मारायची, उन्हाळ्यात कुणाकडे राहायला नेलं जायचं, कुणाच्या मयताला सगळे गेले होते, असं विचार. 'तुमच्या आजीचं नाव काय होतं' या प्रश्नाला त्या कदाचित अडखळतील. तिच्या हातच्या जेवणाबद्दल विचारलंस तर नावही येईल.

कॅबिनेट कार्डाच्या दोन्ही बाजूंचा स्कॅन या आठवड्यात पाठव. नॉटमनचा निघाला तर मी संग्रहालयात विचारून ठेवते. मे महिन्यात तुम्ही तिघं इकडे या, तोपर्यंत चर्चच्या वह्यांत काय आहे ते मी पाहून ठेवीन. डॅनियलला आणि सईला आशीर्वाद, सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी